हिरेमठ सरांचा कच्चा रंग

मध्यंतरी थायरॉइडच्या तपासणीसाठी आमच्या जुळे सोलापुरातल्या एका लॅबमध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव-वय लिहून घेतलं आणि विचारलं, "काका, केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का?"

माझ्या डोक्यावर केस होते या गोष्टीला आता एक पिढी उलटून गेली. मी म्हटलं, "बाळ, थोडा उशीर झाला."

ती हसली नाही. "सगळ्यांना विचारावं लागतं. त्या गोळ्यांत बायोटिन असतं. ते अंगात जास्त झालं की रिपोर्ट चुकतो."

"का चुकतो?"

"ते मशीनवाल्यांना माहीत, काका."

मला माहीत होतं. बायोटिनला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. त्याच्या त्या पकडीवरच अशा तपासण्या चालतात. ही पकड मला सत्तरच्या दशकात एका माणसानं समजावून सांगितली होती. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात अंड्याच्या पांढऱ्यानं माखलेले होते.

त्यांचं नाव शिवलिंगय्या हिरेमठ. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे; मी त्याच विभागात नवा, अजून कायम न झालेला मास्तर होतो. कॉलेजच्या जुन्या मंडळींना आजही विचाराल, तर "हिरेमठ म्हणजे तो रंग उडालेला प्रयोग ना?" म्हणून हसतील. ती गोष्ट मीच पसरवली. निरोपसमारंभात, सहलीत, स्टाफरूममध्ये मी ती नकलेसकट सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. पण त्यांचा प्रयोग फसला नव्हता. मी एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही, म्हणून तो फसलेला दिसला. हसणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत. तरी हे एकदा नीट लिहून ठेवतो.

सर अक्कलकोटपलीकडच्या एका मठाच्या घराण्यातले. घरी कानडी, बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी, आणि गडबडले की तिन्ही एकदम. उंच, काटकुळे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात, शर्टाच्या आत, चांदीच्या डबीतलं लिंग. त्यांच्या घरी अंडं शिजणं तर सोडाच, अंडं हा शब्दसुद्धा उंबरा ओलांडून आत येत नसे. आणि हा माणूस सुट्टी नसेल त्या दिवशी सकाळी कॉलेजात टोपलीभर अंडी फोडत बसायचा.

अंड्याच्या पांढऱ्या भागात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. असतं म्हणजे काय, टोपलीभर अंड्यांतून नखावर मावेल एवढं. ते बायोटिनला एकदा धरलं की सोडत नाही. परदेशातून त्याची कुपी मागवायची तर परवान्यासाठी मुंबई-दिल्लीला अर्ज करत बसावं लागे. सर म्हणायचे, "कोंबडीला परवाना लागत नाही. मग मला कशाला?" आणि त्यांनी ते सोलापुरात, स्वतःच्या हातानं काढायचं ठरवलं.

प्रयोगशाळेच्या मागं मोडक्या बाकांची एक खोली होती. बाकं बाहेर काढून सरांनी ती घेतली. लाकडी पेटीत भुसा घालून त्यात बर्फाची लादी ठेवलेली. एका उभ्या काचेच्या नळीतून अंड्याचं पांढरं दिवसभर थेंब थेंब गळत असायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात आम्ही पंख्याखाली घामाघूम व्हायचो आणि सर त्या खोलीत मफलर गुंडाळून बसायचे. दार जोरात उघडलं तर म्हणायचे, "हळू की. थेंब मोडतो."

अंडी फोडण्याआधी सर गळ्यातली डबी फिरवून पाठीवर टाकायचे. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, स्वामी देवाचे डोळे झाकतात. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "देवाला काय झाकायचं? त्यानंच तर आत ते भरून ठेवलंय. उडतंय हो, पांढरं. डबीला चिकटलं की निघत नाही."

पिवळा बलक सरांना नको असायचा. तो प्रयोगशाळेतल्या शेखमामूंच्या वाट्याला जायचा. मामू पितळी डबा भरून घरी न्यायचे. पहिले काही महिने त्यांच्या घरी ईद असल्यासारखं झालं. पुढं एके दिवशी मामू डबा न घेताच उभे राहिले.

"क्या हुआ मामू?" सरांनी विचारलं.

"सर, बच्चे पूछते, अब्बा, अंडे में सफेदी बी रहती क्या बोलके."

सरांना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी मामूंच्या पोरांसाठी न फोडलेली अंडी वेगळी काढून दिली.

अंडी आणायला सर स्वतः सायकलवरून विजापूर वेशीत जायचे. हँडलला टोपली, कपाळावर विभूती. लपवाछपवी त्यांना जमायची नाही. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं की सायकलवरून उतरून खुलासा करायचे, "मी खात नाही बरं का. त्यातलं एक फक्त काढून घेतो." ऐकणाऱ्याला आधी नुसता संशय असायचा, खुलाशानंतर खात्री व्हायची.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. अंगणात पाण्याची बादली ठेवलेली. सरांनी आधी आंघोळ करायची आणि मगच घरात यायचं, असा वहिनींचा नियम होता. भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. सर खुशीत म्हणाले, "काळेसर, आज पांढरं काय सुंदर..."

वहिनींनी पळी खाली ठेवली. "जेवताना ते नको."

"बरं. काळेसर, आज ते काय सुंदर निघालं."

वहिनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्यांना देव माफ करील हो. गल्ली करणार नाही."

सरांचं शिकवणं मात्र कोणाला विसरता यायचं नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बिरा नावाचा पैलवान होता. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, तालमीत राहून शिकणारा. एकदा सर शिकवता शिकवता त्याच्या बाकापाशी थांबले. पोराच्या डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला लाल खवले आले होते. भुवया विरळ झाल्या होत्या.

"पैलवान, हे काय झालं?"

"काय की सर. आग व्हती. केस बी गळायल्यात."

"अंडी खाता?"

"पितो की. सकाळी तालमीत. कच्ची."

"किती?"

"वस्ताद बास म्हनंस्तवर."

"आणि वस्ताद बास कधी म्हणतात?"

"न्हाय म्हनत."

सरांचा चेहरा असा उजळला, जणू जत्रेत हरवलेला भाऊ भेटला. पुस्तकात वाचलेलं दुखणं बाकावर बसून बोलत होतं. "उद्यापासून उकडून खा," सर म्हणाले.

"उकडल्यावर ताकद जाती, वस्ताद म्हनतात."

"अंड्याची जाते. तुमची राहते."

मग फळ्याकडं न जाता सरांनी तिथंच कुस्ती लावली. कच्च्या पांढऱ्यात एक मल्ल असतो. तुमच्या पोटात केसांच्या, कातडीच्या कामाचं जीवनसत्त्व असतं. हा मल्ल त्याला अशी मिठी मारतो की कुठल्याही डावानं ती सुटत नाही. उकडलं की मात्र त्याच्या अंगातलं बळ जातं.

बिरानं हे फार मन लावून ऐकलं. "सर, त्यो त्याला चित करतो का नुसता धरून बसतो?"

"नुसता धरून बसतो."

"मग ती कुस्ती बरोबरीत सुटंल की."

सर विचारात पडले. प्रश्न बरोबर होता. "बरोबरीत नाही," ते म्हणाले. "दोघंही तसेच धरलेले मैदानाबाहेर जातात."

"मैदानाभायेर म्हंजी कुटं?"

सरांनी सांगितलं कुठं. वर्ग बाकं बडवायला लागला.

दोन दिवसांनी वस्ताद स्वतः कॉलेजात आले. दारातूनच म्हणाले, "आमच्या पोराला अंडी शिजवून खा म्हननारं तुमीच का? तुमी सोता खाता का अंडी?"

"नाही."

"मग तुमाला काय कळतंय त्यातलं?"

एवढं बोलून वस्ताद निघून गेले. पण बिरानं गुपचूप अंडी उकडून खायला सुरुवात केली, आणि पावसाळा संपायच्या आत त्याच्या भुवया परत आल्या. मग वस्ताद सगळ्या तालमीला सांगायला लागले की पोराला नजर लागली होती, ती उतरली.

बिरामुळं सरांच्या डोक्यात मोजमापाचं वेड शिरलं. लांबलचक नावाचा एक पिवळा रंग होता. तो अ‍ॅव्हिडिनमध्ये टाकला की त्याच्या मिठीत जाऊन बसतो आणि केशरी-लाल होतो. पण तिथं बायोटिन आलं की रंगाला उठावं लागतं, आणि बाहेर पडला की तो पुन्हा पिवळा. सर सांगायचे, "एसटीत रुमाल टाकून जागा धरलेला असतो ना, तो हा रंग. आणि बायोटिन म्हणजे रिझर्वेशनवाला. तो आला की रुमालवाला उठतो. भांडत नाही. किती जण उठले ते बघा, किती रिझर्वेशनवाले आले ते कळतं." त्यांनी बिराच्या लघवीत जीवनसत्त्व किती उरलंय ते मोजायचं ठरवलं. बिरानं बाटली आणून दिली. सरांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. पैलवानाची लघवी मुळातच पिवळी. रंग पिवळा, नमुना पिवळा, निकालही पिवळा.

"काळेसर," ते म्हणाले, "निसर्गानं इथं माझा विचार केलेला नाही."

पण त्यांचं खरं स्वप्न वेगळं होतं. रक्तात रोगाची खूण शोधत फिरणारे पदार्थ असतात. त्यांच्या पाठीवर बायोटिन चिकटवायचं. मागून अ‍ॅव्हिडिनला रंग देऊन सोडायचं. ते बरोबर जाऊन पाठीला धरणार, आणि जिथं रंग दिसेल तिथं रोग. परदेशात यावर काम सुरू झाल्याचं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "इथल्या दवाखान्यात व्हायला पाहिजे हे," म्हणायचे. "इथल्या अंड्यांवर." आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर महिनाभर विनोद करायचो.

मग खोलीचा प्रश्न निघाला. संस्थेच्या सेक्रेटरींना तिथं टायपिंगचा वर्ग काढायचा होता. "पोरांना नोकऱ्या टायपिंगनं लागतात. अंड्यांनी नाही," असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण खोली गेली की सरांचं काम गेलं. घरात ते येणार नव्हतं, आणि सगळ्या सोलापुरात हिरेमठाला अंडी फोडायला जागा देणारं कोणी नव्हतं. शेवटी ठरलं की संचालक येऊन काम बघतील आणि मल्लय्याशेठ म्हणतील तसं होईल. मल्लय्याशेठ संस्थेचे सर्वांत मोठे देणगीदार. सूत रंगवायचा त्यांचा मोठा कारखाना होता. घरी तेलुगू बोलणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. चादर हातात घेतली की आधी बोट ओलं करून तिच्यावर घासणार आणि बोटाकडं बघणार, रंग पक्का की कच्चा.

आदल्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. "माझी मराठी अशा वेळी पळून जाते. मी नळी धरतो. थेंब टाकायच्या आधी तुम्ही फक्त एवढं म्हणा: आता रंग जाईल, आणि तो गेलाच पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच. पण आधी हं. नंतर म्हटलं तर सबब वाटते."

मी दोनदा म्हणून दाखवलं. सरांनी माझा उच्चारही सुधारला.

दुसऱ्या दिवशी त्या छोट्याशा खोलीत पाच-सहा मोठी माणसं दाटीवाटीनं उभी होती. आत येताना सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळे, टायपिंगचं तुम्हीच बघायचं हं. तुमच्या कायम होण्याचं मी बघतो." सरांनी पिवळ्या रंगात आपलं अ‍ॅव्हिडिन घातलं, आणि नळी केशरी-लाल झाली. सुंदर दिसत होती. मल्लय्याशेठ पुढं वाकले. त्यांच्या तोंडून "हां" असा आवाज निघाला. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी सेक्रेटरींकडं पाहिलं. मी गप्प राहिलो. नोकरीची भीती होती हे खरं. पण ती अर्धीच. काय गंमत होते ती बघावी, असंही वाटत होतं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सर थांबले. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी बायोटिनचा थेंब टाकून नळी हलवली. लाल रंग बघता बघता गेला आणि फिकट पिवळं पाणी उरलं.

सगळे मल्लय्याशेठकडं बघत होते. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "कच्चा."

"शेठ, जायलाच पाहिजे होता," सर म्हणाले.

"गिऱ्हाईक चादर परत आणतंय तवा आमचा मुनीम बी हेच म्हनतो की."

सगळी खोली हसली. सरांनी कानडीत सुरुवात केली, इंग्रजीत गेले, मध्येच एसटी आणि रुमाल आले, रिझर्वेशन आलं. कोणालाही वाटावं, गावाला जायची घाई झालीय. मीही हसत होतो. माझ्या गोष्टीत मी नेहमी इथंच थांबायचो.

पुढचं असं झालं. टायपिंगची मशीनं आली. सरांनी आपली पेटी आणि नळी मागच्या व्हरांड्यात मांडली, वर चादर बांधली, आणि उन्हात बर्फ वितळत असताना जमेल तेवढं काम चालू ठेवलं. भिंतीपलीकडं दिवसभर टकटक चालायची. मला ते एका शब्दानंही काही बोलले नाहीत. मी त्यांच्या वाटेला जायचं टाळायचो.

एके दिवशी दुपारी मल्लय्याशेठ एकटेच व्हरांड्यात आले. मी आत प्रयोगशाळेत होतो आणि खिडकी उघडी होती.

"सर, ते पानी पायजे मला," शेठ म्हणाले. "रंग काढायचं."

"कशाला?"

"रंग चढवनारी मानसं लई मिळत्यात. चुकलेला रंग काढायचा म्हटलं की सूत फाटतंय. तुमच्या एका थेंबात गेला. मला झोप न्हाय त्या दिवसापासून. किती लागंल बोला. खोलीचं मी बगतो."

सरांनी एक हो म्हणायचा अवकाश, खोली मिळत होती. टायपिंगची मशीनं दुसऱ्या दिवशी जिन्याखाली गेली असती. मी खिडकीला कान लावून उभा होतो.

"होणार नाही, शेठ," सर म्हणाले. "तुमचा रंग सुतात बसलाय. माझा रंग दुसऱ्याच्या जागेवर बसला होता. माझा थेंब तुमच्या सुताला काही करणार नाही."

"टाकून बगू की एकदा."

"बघा हवं तर. पण नाही होणार."

त्यांनी खरोखरच एक लाल सूत मागवलं आणि शेठसमोर त्याच्यावर थेंब टाकला. सुताला काही झालं नाही. शेठनी बोट ओलं करून सूत घासलं, बोट पाहिलं आणि निघून गेले. जाताना फाटकाशी सेक्रेटरी भेटले. त्यांना शेठ म्हणाले ते मामूंनी ऐकलं आणि मला सांगितलं. "न्हाई म्हनला हो ह्यो मानूस. इतकी वर्सं धंद्यात हाय, रसायनवाला न्हाई म्हनलेला बगितला न्हवता."

त्याच आठवड्यात शेठच्या कारखान्याची हातगाडी येऊन सरांची पेटी घेऊन गेली. कारखान्याच्या मागच्या बाजूला हौदालगत एक थंड अंधारी खोली होती, ती त्यांना मिळाली. सकाळी कॉलेज, दुपारी कारखाना. पुढच्या वर्षी त्यांना धारवाडकडं नोकरी लागली आणि ते सोलापूर सोडून गेले. तिथं त्यांचं काम किती पुढं गेलं, मी कधी विचारलं नाही.

ते जाण्याआधी मी एकदा कारखान्यात गेलो होतो. जे झालं ते स्पष्ट बोलायचं असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती. खोलीच्या दारात कोपरापर्यंत निळे-लाल हात झालेले चार-पाच रंगारी दाटी करून उभे होते. आत सर नळी धरून बसलेले. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हातात त्यांनी थेंबाची काचनळी दिली होती. म्हातारा श्वास रोखून एकेक थेंब सोडत होता. लाल रंग फिकट होत होत शेवटच्या थेंबाला गेला, तसा त्यानं "अय्यो" म्हणून हात मागं घेतला, जणू त्याच्याच हातून माल बिघडला. बाकीचे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले.

मग त्यांनी मला पाहिलं. "या की, काळेसर. तिथं का उभे?"

मी आत गेलो. रंगारी आपापल्या कामाला गेले. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "सर, त्या दिवशी मी..."

"हो हो," सर म्हणाले. त्यांनी नळी उजेडात धरली होती, नजर तिच्यावरच होती. "त्या दिवशी तुमचा घसा बसला होता. माझ्या नंतर लक्षात आलं. आजारी माणसावर मी उगाच काम टाकलं. आता बरा आहे का?"

मी जुळवून आणलेलं सगळं तोंडापाशी आलं होतं. मी खोकलो.

"बघा, अजून आहे," ते म्हणाले आणि दाराकडं वळून हाक मारली, "काळेसरांना गरम पाणी आणा हो कुणीतरी."

बाहेरून विचारणा झाली, "कुटलं, भट्टीवरचं?"

"भट्टीवरचं नको. चहाच्या किटलीतलं. आणि हळद टाका थोडी."

पितळी पेल्यात पाणी आलं. ते फार गरम होतं, आणि हळद मुठीनं टाकली होती. सर काचनळी धुता धुता मध्ये मध्ये माझ्याकडं बघत होते, पितो की नाही ते. मी ते सगळं प्यायलो.